सिग्नलला बंद पडणारी स्कूटर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एक्सिलरेटरची मूठ पूर्ण सोडल्यावरही इंजिन मंद पण एकसारखे फिरत राहिले पाहिजे. यालाच आयडलिंग किंवा गॅरेजच्या बोलीत ‘स्लो’ म्हणतात. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गिअरलेस स्कूटरमध्ये हा वेग मिनिटाला सुमारे १,५०० ते १,८०० फेऱ्या असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो.

स्लोचा स्क्रू आवळला की दुरुस्ती झाली, हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. हा स्क्रू थ्रॉटल किंचित उघडा धरून ठेवतो, इतकेच. मूळ दोष जिथल्या तिथे राहतो, फक्त काही दिवस झाकला जातो. वेग फार वाढवला तर सेंट्रिफ्युगल क्लचचे शू ड्रमला घासू लागतात, ब्रेक सोडताच गाडी आपोआप पुढे सरकते आणि उभ्या गाडीत पेट्रोल जळते. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी पाहायचे ते हे, की गाडी थंड असताना बंद पडते की तापल्यावर.

‘पेट्रोलमध्येच भेसळ असणार’ हा निष्कर्षही घाईचा असतो. गाडी रस्त्यावर नीट पळते आणि मूठ सोडल्यावरच बंद पडते, तर दोष पेट्रोलचा असण्याची शक्यता कमी. कार्बोरेटरमध्ये मंद वेगासाठी पायलट जेट हा वेगळा मार्ग असतो आणि त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर उरतो आणि हे छिद्र बुजते. ते तारेने कोरणे मात्र घातक आहे: मऊ पितळेचे छिद्र रुंदावते आणि मिश्रणात पेट्रोल कायमचे जास्त होते. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा वापरावी.

तापल्यावर बंद पडणाऱ्या गाडीत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासायला हवे. आवाज येत नाही म्हणजे टॅपेट ठीक, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट असू शकते. आवाज सैल टॅपेट करते; आवळलेले गप्प असते. इंजिन तापले की व्हॉल्व्ह लांबतो, पुरेशी फट नसली तर तो पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि इंजिन मंद वेगात तग धरत नाही. दुर्लक्ष झाले तर व्हॉल्व्ह जळतो. ही फट इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने मोजतात. तापल्यावर बंद पडण्याबरोबर काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑटो चोक उघडाच अडकलेला असू शकतो.

उलट दोषही आढळतो: मूठ सोडली तरी वेग लवकर खाली येत नाही. त्याला पिकअप चांगला असल्याची खूण मानणे चूक आहे. बहुधा कार्बोरेटर आणि इंजिन यांमधले रबर चिरलेले असते आणि तिथून जास्तीची हवा आत शिरते. इंजिन चालू असताना त्या जोडावर थोडे पाणी शिंपडावे. वेग बदलला तर गळती तिथेच आहे. हँडल वळवताच वेग बदलत असेल तर एक्सिलरेटरची केबल ताणलेली आहे. इंजिन चालू ठेवून करायची तपासणी बंद गॅरेजमध्ये कधीही करू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो.

प्लग बदलून पाहणे स्वस्त आहे, पण जुना प्लग टाकून देण्याआधी त्याचा रंग पाहावा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरकेपणा म्हणजे हवा जास्त, तपकिरी रंग ठीक. काजळी दिसली तर एअर फिल्टर तुंबला आहे का, तेही बघावे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ मानके लागू झाली आणि नव्या पेट्रोल स्कूटर प्रामुख्याने फ्युएल इंजेक्शनवर आल्या. त्यांत स्लो ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, सांभाळतो. थ्रॉटल बॉडीवरचा कारखान्यात बसवलेला स्क्रू फिरवला तर ईसीयूचा हिशेब बिघडतो. अशा गाडीत थ्रॉटल बॉडीतला कार्बन, सेन्सर आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा तपासतात. जुन्या कार्बोरेटरच्या अनेक स्कूटर बॅटरी मेली तरी किकवर चालत. इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि ईसीयू विजेवरच चालतात, त्यामुळे बॅटरीची तपासणी इथे आधी करतात.

कार्बोरेटरच्या गाडीत दोष काढून झाल्यावर, इंजिन पूर्ण तापवून, स्लोचा स्क्रू शेवटी लावतात.