कसोटी : पंडरीच्या बाजारातील पाच दिवस

रायपूरच्या पंडरी भागातील घाऊक कापडबाजारात गिऱ्हाईक गादीवर टेकले की प्रथम पाणी येते, मग चहा, आणि त्यानंतर ठाण उलगडले जाते. कसोटी सामना सुरू असला की या क्रमात एक भर पडते. उंबरठ्यावरूनच विचारणा होते, "भैया, स्कोर?" भावाची गोष्ट नंतर.

नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला तो २१ जानेवारी २०२३ रोजी. न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत आटोपला आणि शहराने दिवाळी साजरी केली. परंतु तो सामना एकदिवसीय होता. कसोटी ही रायपूरकरांसाठी प्रामुख्याने ऐकण्याची गोष्ट राहिली. मध्य प्रदेशाच्या दिवसांत इंदूरच्या सुशील दोशींचे हिंदी समालोचन कानाशी असे. अभिमानाने सांगावे असे एक नावही जवळच होते. भिलाईचे राजेश चौहान भारताकडून २१ कसोटी सामने खेळले आणि त्यांपैकी एकही भारताने गमावला नाही!

'कसोटी' हा शब्द मराठीने सोनाराकडून घेतला. कसाच्या दगडावर सोने घासून पारखायचे, त्यास वेळ लागतो. पंडरीतल्या जुन्या मुनिमांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मार्च २००१ मधील कोलकात्याचा सामना या बाजाराने कसा अनुभवला असेल, याची कल्पना त्या दिवसांचा हिशेब मांडला की येते. छत्तीसगड राज्य अवघे साडेचार महिन्यांचे होते. मार्च महिना बँकेत जसा धकाधकीचा, तसाच येथेही. एकीकडे वर्षअखेरीची उधारी वसुली, दुसरीकडे 'अक्ती'च्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, लग्नांसाठी गावोगावच्या किरकोळ दुकानदारांची खरेदी. बसस्थानकही तेव्हा पंडरीतच होते. भाटागावला ते पुष्कळ नंतर गेले. जगदलपूरची बस सुटली की धावसंख्याही तिच्याबरोबर निघे आणि घाट येईपर्यंत शिळी होई.

त्यातच क्रिकेटवरचा लोकांचा विश्वास डळमळीत झाला होता. २००० सालच्या सामनानिश्चितीच्या प्रकरणाने भल्याभल्यांची नावे काळवंडली होती. पाहिले ते खरे होते की नाही, ही शंका मनात घेऊन रसिक पुन्हा रेडिओजवळ बसत होता. ज्यांचा सारा व्यवहार शब्दावर चालतो, त्या बाजारात ही शंका अधिकच बोचली असणार.

समोर स्टीव्ह वॉचा ऑस्ट्रेलिया, सलग १६ कसोटी सामने जिंकलेला. मुंबईची कसोटी त्यांनी तीन दिवसांत संपवली होती. ११ मार्चला ईडन गार्डन्सवर हरभजनसिंगने पाँटिंग, गिलख्रिस्ट आणि वॉर्न यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले. भारतीय गोलंदाजाची कसोटीतील ही पहिलीच हॅट्‌ट्रिक. तरीही वॉ आणि गिलेस्पी यांनी नवव्या गड्यासाठी १३३ धावा जोडल्या आणि डाव ४४५ वर गेला. भारत सर्वबाद १७१. फॉलोऑन.

अशा वेळी रेडिओ बंद करणारे शहाणे प्रत्येक बाजारात असतात. त्यांचे काही चुकले असेही म्हणता येत नाही. बुडीत खात्यावर जीव का लावावा?

पहिल्या डावात ५९ धावा करणाऱ्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मणला दुसऱ्या डावात तिसऱ्या क्रमांकावर पाठवण्यात आले. तिसऱ्या दिवसअखेर ४ बाद २५४. लक्ष्मण १०९ आणि राहुल द्रविड ७ धावांवर. १४ मार्च, बुधवार. त्या संपूर्ण दिवसात एकही गडी पडला नाही. रेडिओवर ऐकणाऱ्याला असा दिवस विलक्षण असतो. काहीच घडत नाही, आणि तेच तर हवे असते. भोसल्यांच्या काळापासून येथे नांदणाऱ्या मराठी घरांतला एखादा मुलगा शाळेतून येता येता दुकानात डोकावून विचारणार, "काका, काय झालं?" आणि वहीतून मान वर न करता काका सांगणार, "लक्ष्मण आहे अजून." दुपारीही तेच उत्तर, सायंकाळीही तेच. दिवसभरात ३३५ धावा झाल्या. सुनील गावसकरांची नाबाद २३६ ही भारतीयाची सर्वोच्च खेळी मागे पडली.

गुरुवारी लक्ष्मण २८१ वर बाद झाला. भागीदारी ३७६ धावांची, द्रविड १८०. भारताने ७ बाद ६५७ वर डाव सोडला आणि ऑस्ट्रेलियापुढे ३८४ धावांचे लक्ष्य आले. आता हरणे जवळजवळ अशक्य होते, तेवढ्यावरही कोणी समाधान मानले असते. चहापानाला ऑस्ट्रेलिया ३ बाद १६१.

चहापानानंतर १६६ धावांवर चौथा गडी गेला, त्याच धावसंख्येवर पाचवा. मग सचिन तेंडुलकरने गिलख्रिस्ट, हेडन आणि वॉर्न यांना पायचीत केले. ३ बाद १६६ वरून ८ बाद १७४! गादीवर उलगडलेली ठाणे तशीच पडून राहावीत, मीटर हातात तसाच राहावा, गिऱ्हाईक आणि मालक एकाच खोक्याकडे कान लावून बसावेत, अशी ती घटका. फॉलोऑननंतर कसोटी जिंकण्याचा चमत्कार तोवर इतिहासात दोनदाच घडला होता, १८९४ साली सिडनीत आणि १९८१ साली लीड्समध्ये. दोन्ही वेळा हरला होता तो ऑस्ट्रेलियाच.

दिवेलागणीला अवघी थोडी षटके उरली असताना हरभजनने मॅग्राला पायचीत पकडले. सर्वबाद २१२. भारत १७१ धावांनी विजयी. आता ठाणे पुन्हा गुंडाळायची होती, आणि दिवसाची रोजमेळ लिहायची राहिली होती.