लठ्ठ्याचे विष उशिरा का चढते?

१९८९ साली आपल्या बडोद्यात लठ्ठा पिऊन सव्वाशेहून अधिक माणसे दगावली. दांडिया बाजारातील वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. पुढे २०१५ साली मुंबईत मालवणीला व २०२२ साली बोटाद भागात तेच घडले. कारण एकच: दारूत मिथेनॉल.

अशा वेळी घरचे म्हणतात, "रात्री आला तेव्हा चांगला होता हो!" ते खरेच असते. मिथेनॉल मुळात तेवढे घातक नाही. यकृतातील वितंचके, म्हणजे एन्झाइम, त्याचे फॉर्मिक आम्ल बनवतात. हे आम्ल रक्तात साचून डोळ्यांच्या नसेला इजा करते व जीवही घेते.

आता वेळ का लागतो ते पाहू. पिठाच्या गिरणीवर दोनाऐवजी चार डबे आले की काम वाढते. पण गिरणी पूर्ण चालू लागली की रांगेत पन्नास डबे असोत, तासाला निघायचे तेवढेच पीठ निघते. एन्झाइमचेही तसेच असते. १९१३ साली बर्लिनमध्ये मायकेलिस व मॉड मेंटेन यांनी साखर फोडणाऱ्या एन्झाइमवर हा हिशेब मांडला. (मेंटेनबाई कॅनडाच्या, पेशाने डॉक्टर.) म्हणून विष हळूहळू तयार होते; बारा ते चोवीस तासही लागतात.

त्यात आणखी एक गोष्ट. साधी दारू, म्हणजे इथेनॉल, त्याच गिरणीवर दळली जाते, आणि गिरणीला तिची ओढ दहापटीहून अधिक. दोन्ही पोटात असली तर मिथेनॉल रांगेत मागे राहते व लक्षणे अधिकच लांबतात. डॉक्टर याचाच उपयोग करतात. इथेनॉल मोजून देतात किंवा फोमेपिझोल या औषधाने गिरणीच अडवतात, आणि न दळलेले मिथेनॉल डायलिसिसने काढतात.

हे वाचून घरी कोणी आणखी दारू पाजू नये! आधी झालेले आम्ल तिने जात नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या छातीत ती उतरू शकते.

पोटदुखी, उलट्या, धाप, डोळ्यांपुढे धुके, यांपैकी काही दिसताच सयाजी इस्पितळ गाठावे. दारूबंदीच्या भीतीने लपवू नये; काय प्यायले, किती वाजता, हे डॉक्टरांना सरळ सांगावे. सोबत प्यायलेल्या सगळ्यांना न्यावे, ज्याला अजून काहीच होत नाही त्यालाही.