भावाची रुखरुख आणि बहिणीचा वाटा

पनवेल तालुक्यातील गव्हाण हे मूळचे भातशेतीचे, खाडीकाठचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्यांत गव्हाणही होते. पुढे १९९० च्या सुमारास साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. जमिनीला मोल चढले, तशी वारसांची नावे कागदावर मोजली जाऊ लागली. मग अशा वेळी महाराष्ट्रात घरोघर होते तेच होते. बहिणीला सांगायचे, “एवढी सही कर गो, माहेर काय कुठं जातंय?” ती हक्कसोडपत्रावर सही करते. मागाहून तिला सारे उमगते, आणि भाऊबीजेचे येणे थांबते.

वर्षे लोटतात. भाऊ सत्तरीला येतो. हाताला काम नसते, तेव्हा ओसरीवर बसल्या बसल्या जुना हिशेब उघडतो. ही रुखरुख म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे, बरे का! काही फेडायचे राहिले आहे, एवढेच ती सांगत असते.

आता फेडायचे कसे? कायदा थोडा समजून घेऊ. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली. पण बहिणीने रीतसर नोंदवलेले हक्कसोडपत्र भावाला पश्चात्ताप झाला म्हणून आपोआप रद्द होत नाही. भावाने आपल्या हिश्शातून तिला द्यावे. त्यासाठी दानपत्र लागते. त्यावर दोन साक्षीदार हवेत आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. दावा चालू असेल तर तो लोकअदालतीत तडजोडीने मिटवता येतो. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, आणि भरलेले कोर्ट फीचे पैसेही परत मिळतात.

कोणी म्हणेल, मृत्युपत्रात लिहून ठेवतो की! ठेवावे. पण ते उघडेल तेव्हा बोलायला भाऊ कुठे असेल?

म्हणून आधी पायाने जावे. भाच्याकडून निरोप धाडू नये. “तेव्हा सगळ्यांनीच तसं केलं” असे तर मुळीच म्हणू नये. “मी तुझं घेतलं, ते चुकलं,” एवढेच म्हणावे. मुलांनाही आधी विश्वासात घ्यावे, नाही तर एक भांडण मिटवताना दुसरे उभे राहते.

बहीण कदाचित दाराशीच रडेल, कदाचित बोलणारही नाही. वाटा घ्यायचा की नाही, हे तिचे तिने ठरवावे. भावाने मात्र तिचे उत्तर काहीही आले तरी कागद तयार ठेवावा, आणि पुन्हा जावे.