'किरकोळ' लिहिलेला खोका

ऑफिस हलवायचे ठरले की सामान वाहणाऱ्यांकडून एक आकडा हमखास ऐकू येतो: दोन दिवस. शनिवारी दुपारी खोके भरायला घ्यायचे, रविवारी टेम्पो लागतील, सोमवारी साडेनऊला माणसे नव्या जागेत. अंधेरीहून मीरा रोडला जायचे असो की भाईंदर पूर्वेच्या गाळ्यातून काशीमिऱ्याच्या नव्या इमारतीत, आकडा तोच. सामानापुरता तो खराही आहे. पाठीवर पट्टा टाकून पोलादी कपाट जिन्याने उतरवणारे हमाल, बबल रॅपमध्ये गुंडाळलेले मॉनिटर, ब्राऊन टेप ओढताना होणारा चर्रर्र आवाज, वर्षानुवर्षे न हललेल्या फायलींमागून येणारा ओल, कसर आणि डांबरगोळ्यांचा मिसळलेला वास, हे सारे दोन दिवसांत खरोखर उरकते. खोक्यांवर मार्करने नावे पडतात: अकाउंट्स, सेल्स, सर्व्हर. शेवटी एक खोका उरतो. रबरी शिक्के, कोणत्या कुलपाच्या ते न कळणाऱ्या किल्ल्या, जुने हजेरीबुक, कोनाड्यातला गणपती, चहाची किटली असे काहीबाही त्यात जाते आणि वर लिहिले जाते 'किरकोळ'. तो भरतो शिपाई, कारण त्यातली कोणती वस्तू कशाची हे त्यालाच ठाऊक असते. स्थलांतराच्या बैठकांना मात्र तो पाणी ठेवण्यापुरताच आत येतो. ऑफिस म्हणजे नेमके काय, हे बघायचे तर मी टेबल-खुर्च्या सोडून हा खोका आधी उघडीन.

मीरा-भाईंदरच्या बाबतीत या खोक्याला जरा जास्तच अर्थ आहे. मिठागरे, उत्तनची मासेमारी आणि भाईंदर पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे गाळे एवढी जुनी ओळख असलेल्या या पट्ट्यात १९८५ साली नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली. २००१च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आत असलेली वस्ती २०११ला आठ लाखांवर गेली. एवढी माणसे इथे आली ती राहायला. कामाला ती सकाळी दक्षिणेकडे जात राहिली. आता उलटा प्रवाह, बारीक का होईना, दिसतो. क्लिअरिंग एजंट, आयात-निर्यातवाले, सल्लागार, बॅक ऑफिसची कामे करणाऱ्या छोट्या कंपन्या दहिसर नाका ओलांडून उत्तरेला येतात. कारण उघड आहे, भाडे. शिवाय जागा दाखवणारे दलाल मेट्रो ९च्या खांबांकडे बोट दाखवून 'पुढे दर वाढणार' हेही सांगतात. मालक कागदावर दोन भाड्यांची वजाबाकी करतो आणि बाकी आली की स्थलांतर पक्के होते. माझा आक्षेप याच वजाबाकीवर आहे. तिच्यात जागा मोजलेली असते. माणसे तिथवर कशी पोहोचणार, ते मोजलेले नसते. ऑफिस हलवण्याच्या नियोजनातला पहिला कागद माणसांच्या घरांचा नकाशा असायला हवा. तो बहुतेक वेळा शेवटचाही नसतो.

हा नकाशा काढून बघितला की काय दिसते? समजा वीस माणसांचे ऑफिस अंधेरीहून मीरा रोडला येते. चर्चगेटपासून अंधेरी साधारण २२ किलोमीटरवर आणि मीरा रोड ४० किलोमीटरवर, म्हणजे मधले अंतर लोकलने अर्ध्या तासाचे. बोरिवली-कांदिवलीच्या माणसाला चैन झाली. सकाळी तो गर्दीच्या उलट दिशेने, बसून येईल. मीरा रोडचाच असेल तर त्याच्या दिवसाचे दोन तास परत मिळाले. वसई-विरारच्या माणसाचे अंतर घटले खरे, पण गाडी तीच, गर्दी तीच, आणि आता त्याला अशा स्टेशनावर उतरायचे आहे जिथे दारातला एकही माणूस उतरणारा नाही, उलट खालून चढणारेच रेटत असतात. विरार लोकलमधून सकाळी मीरा रोडला उतरणे काय असते, हे त्या गाडीने जाणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. डोंबिवलीची बाई आधी घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी गाठायची. तिचा प्रवास आता आणखी पुढे ताणला गेला. ठाण्याच्या माणसाला घोडबंदर रस्ता जवळचा वाटतो, पण तो गायमुखच्या चढावर अडकेपर्यंतच. एकाच निर्णयाने कुणाचे दोन तास वाचले आणि कुणाचा दीड तास गेला. सरासरी काढली तर सगळे छान दिसते. पण लोकलमध्ये सरासरी चढत नाही, माणूस चढतो. आणि ज्याचा दीड तास गेला तो बहुधा कमी पगाराचा असतो, कारण बदलापूर, नालासोपारा, टिटवाळा अशा लांबच्या टोकांना जाऊन राहण्याची वेळ त्याच्यावरच येते.

पत्त्याचेही असेच. दहिसर आणि मीरा रोड ही लागोपाठची स्टेशने, दूरध्वनीचा संकेतांकही दोन्हीकडे ०२२. पण मध्ये मुंबई संपते आणि ठाणे जिल्हा सुरू होतो; पिनकोड ४००चा ४०१ होतो. कंपनी कायद्यानुसार नोंदणीकृत कार्यालय त्याच शहराच्या हद्दीत हलवायचे तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो; हद्दीबाहेर न्यायचे तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणजे तीन चतुर्थांश मते. कुलाब्याहून दहिसरला जाणे कायद्याला घरातल्या घरात वाटते आणि दहिसरहून मीरा रोडला जाणे गाव सोडण्यासारखे. ठरावानंतर तीस दिवसांत कंपनी निबंधकांना कळवायचे. जीएसटीत मुख्य पत्ता बदलला की पंधरा दिवसांत दुरुस्तीचा अर्ज. नंबर बदलत नाही, कारण राज्य तेच. नव्या जागेचा लिव्ह-लायसन्स करार नोंदवायचा, त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. दारावरच्या पाटीवर नाव-पत्ता स्थानिक भाषेतही असावा असे कंपनी कायदाच सांगतो, आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत ही राज्याच्या कायद्याची अट वेगळी. याशिवाय बँक, भविष्य निर्वाह निधी, विमा, वीजजोडणी. यातले एकही काम अवघड नाही. पण प्रत्येकाला आधीच्या कामाचा कागद लागतो: जीएसटीला करार आणि विजेचे बिल, बँकेला जीएसटीचे प्रमाणपत्र, ग्राहकाच्या खरेदी विभागाला बँकेचे पत्र. माळेचा एक मणी अडला की बिलांचे पैसे अडतात. टेम्पोवाल्याच्या दोन दिवसांत ही माळ बसत नाही. तिला दोन-अडीच महिने धरावेत, आणि तेवढे दिवस जुन्या जागेचे भाडेही. वजाबाकीत हे दुहेरी भाडे क्वचितच सापडते.

जागा तयार असली म्हणून धंदा हलत नाही, याचा धडा मुंबईच्या हिरेबाजाराने दोनदा दिला आहे. ऑपेरा हाउसच्या पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्समधल्या दाटीतून बाहेर पडण्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स उभे राहिले, ऑक्टोबर २०१०मध्ये सुरू झाले. प्रशस्त, सुरक्षित, सगळे एका छपराखाली. तरीही कित्येक व्यापारी जुन्या गल्लीतच राहिले, कारण दलाल तिथे होते, माल पोहोचवणारा अंगडिया तिथे होता. १३ जुलै २०११ला ऑपेरा हाउसला बॉम्बस्फोट झाला आणि मग हलण्याला वेग आला. पुढे सुरतेचे डायमंड बोर्स: सदुसष्ट लाख चौरस फूट, चार हजारांहून जास्त कार्यालये, १७ डिसेंबर २०२३ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन. मुंबईचा बाजार तिकडे जाईल अशी हवा झाली. भाईंदर पश्चिमेला, मीरा रोडला राहून रोज वांद्रे-कुर्ला संकुलात जाणाऱ्या, हिरे निवडणाऱ्या असॉर्टर आणि अकाउंटंटच्या घरांत त्या हवेचा अर्थ मुलांच्या शाळेचा दाखला काढायचा की नाही, एवढा थेट होता. पण नंतरच्या काळात सुरतेची बहुतेक दालने बंदच राहिली आणि मुंबईचा बाजार मुंबईतच चालत राहिला. दोन्ही वेळी इमारतीत खोट काढण्यासारखे काही नव्हते. पेढी एकटी हलू शकत नव्हती, एवढेच. तिच्याभोवतीची माणसे हलली तरच ती हलणार होती.

यावर म्हटले जाईल की हिऱ्यांचा बाजार कुठे आणि वीस टेबलांचे ऑफिस कुठे. छोट्याने एवढा विचार करत बसले तर तो हलणारच नाही. मला हे उलटे वाटते. हजार माणसांच्या कंपनीत दहा गेली तर भरती विभाग दुसरी दहा आणतो. वीसजणांत व्हॅटच्या काळापासूनचे सगळे व्यवहार तोंडपाठ असलेली एकच बाई असते, आणि ती डोंबिवलीची निघाली तर भाड्यात वाचलेले पैसे तिच्या जागी येणाऱ्याच्या चुका निस्तरण्यात जातात. दुसरे उत्तर नेहमीचे, 'लोक रुळतात'. रुळतात, खरे आहे. जी राहतात ती. जी सहा महिन्यांत सोडून गेली त्यांच्या राजीनाम्यांवर कारण 'वैयक्तिक' लिहिलेले असते, त्यामुळे स्थलांतराच्या खर्चात ती कधीच धरली जात नाहीत. तिसरा मुद्दा मात्र वजनदार आहे: मुंबईची गर्दी पांगवायची तर ऑफिसे उत्तरेला यायलाच हवीत. मान्य. याच गावात त्याचे चांगले उदाहरणही आहे. २०२५मध्ये मीरा रोडच्या हाटकेश भागात न्यायालय सुरू झाले. तोवर इथल्या पक्षकाराला तारखेसाठी ठाणे गाठावे लागे. तिथे काम माणसांच्या दिशेने सरकले. भाडे वाचवायला आलेले ऑफिसही तसे सरकू शकते, पण मग मालकाने आधी घरांचा नकाशा काढावा, ज्यांचा दीड तास जातो त्यांना वेळेची सवलत, आठवड्यातले दोन दिवस घरून काम किंवा रोख भत्ता द्यावा, आणि ती रक्कम त्याच वजाबाकीत लिहावी. बाकी तरीही उरली तर खुशाल यावे.

खुद्द हलवण्यातही बारकावे आहेत, पण ते शिकून घेण्याजोगे आहेत. नव्या जागेचा मंजूर वीजभार जुन्या एसींना पुरतो का, इंटरनेटची लाइन टेम्पोच्या आधी चालू आहे का, सोसायटी रविवारी लिफ्ट वापरू देते का, यूपीएसच्या बॅटऱ्या उभ्याच वाहायच्या, सर्व्हर मालकाच्या गाडीतून न्यायचा. घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, ऑफिसच्या सामानाला ती सूट नाही. सोबत चलन तरी असावे. पावसाळा शक्यतो टाळावा, पण करार जूनमध्ये संपत असला तर पुठ्ठ्याच्या खोक्यांवर प्लास्टिक चढवण्यापलीकडे उपाय नाही. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी मात्र थांबावे. कंपनीने हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपायची असतात, आणि कोणती फाइल कुठल्या वर्षाची हे कपाटावरच्या लेबलापेक्षा शिपायाला जास्त खात्रीने ठाऊक असते. त्याला बैठकीत बसवले तर रद्दीचा तराजू जरा हलका होईल.

दोन दिवस संपतात. सोमवारी टेबले जागेवर, संगणक सुरू, पाटी नवी. अकराच्या सुमाराला कुणाला तरी चलनावर शिक्का हवा असतो आणि तो सापडत नाही. अकाउंट्सचे खोके उघडतात, सेल्सचे उघडतात. शिपाई कोपऱ्यातला 'किरकोळ' पुढे ओढतो, टेप कापतो, गणपती बाजूला ठेवतो, किटलीच्या आतून कागदात गुंडाळलेला शिक्का काढून पॅडवर दाबतो आणि उमटवून देतो. अक्षरे स्वच्छ येतात. पत्ता अंधेरीचा, पिनकोड चारशेचा.