जुन्या पिकअपचं तेल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

देवनारचा कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला. तिथला माल, गोवंडी-मानखुर्दचं भंगार, प्लास्टिकच्या गोण्या, भाजीच्या पाट्या हे सगळं आजही मोठ्या प्रमाणावर जुन्या पिकअपवर वाहिलं जातं. टाटा २०७ किंवा महिंद्राची पिकअप, नंबर एमएच-०३, मालकच ड्रायव्हर आणि एका गाडीवर चालणारं घर, असं चित्र या भागात जागोजाग दिसतं. अशा गाडीचं इंजिन काम निघालं तर दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय गाडी गॅरेजमध्ये असेल तितक्या दिवसांचा धंदाही बुडतो. म्हणून तेलाची निवड ही इथे थेट पोटापाण्याची बाब आहे.

देवनारपासून जवळच, माहूलला हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनरीत इंजिन ऑइलसाठी लागणारं मूळ तेल तयार होतं आणि त्या कामातला तो देशातला सगळ्यात मोठा कारखाना आहे. म्हणजे चांगलं तेल दाराशी आहे. अडतं ते ऐकीव समजुतींपाशी.

गैरसमज : गाडी जुनी झाली, आता जाड तेल घाला.

वस्तुस्थिती : ही समजूत सगळ्यात पसरलेली आणि सगळ्यात महागात पडणारी आहे. अनेक जुन्या डिझेल पिकअपच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० हा ग्रेड दिलेला असतो. गाडी थोडा धूर सोडू लागली की त्याजागी २०डब्ल्यू-५० घातलं जातं.

या आकड्यांचा अर्थ असा. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज हलतं ते सांगतो. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. मुंबईत नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही जानेवारी १९६२मधलं. त्यामुळे आपल्याकडे दोन्ही चालतात. खरा फरक मागच्या आकड्यात आहे. १०० अंशांना ४० ग्रेडच्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असतो, ५०चा १६.३ ते २१.९.

जाड तेल घातल्यावर प्रेशरचा काटा वर चढतो आणि मालकाला बरं वाटतं. पण प्रेशर म्हणजे तेलाला होणारा अडथळा. काटा वर गेला म्हणून बेअरिंगपर्यंत जास्त तेल पोहोचलं असं होत नाही, उलट ते कमी पोहोचू शकतं. सकाळी गाडी चालू करताना तर जाड तेल वर चढायला वेळ लावतं, आणि इंजिनाची बरीच झीज त्याच वेळी होते. त्या दाबाने फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडला की न गाळलेलं तेल पुढे जातं.

रिंगा गेल्या असतील, बॅक कॉम्प्रेशन येत असेल, तर जाड तेलाने धूर काही दिवस कमी दिसेल, पण झीज भरून निघणार नाही. पुस्तिकेतच जास्त उष्णतेसाठी ५०चा पर्याय दिला असेल तर तो जरूर वापरावा. नसेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावं.

गैरसमज : तेल काळं पडलं म्हणजे वाया गेलं.

वस्तुस्थिती : डिझेल इंजिनात नवं तेल काही दिवसांतच काळं पडतं. तेलातली रसायनं काजळी धरून ठेवतात, तिला एका जागी बसू देत नाहीत. म्हणजे काळा रंग हा तेल काम करत असल्याचाच पुरावा आहे.

रंगापेक्षा या खुणा पाहाव्यात. पट्टीवरचं तेल दोन बोटांत चोळा. कचकच लागली तर धूळ किंवा धातू आत गेला आहे. डिझेलचा उग्र वास आणि पाण्यासारखा पातळपणा असेल तर इंजेक्टर किंवा पंपातून डिझेल खाली उतरतंय. रंग दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आणि मग हेड गॅस्केट आधी पाहायला हवं. एक थेंब टिपकागदावर टाकून काही तास ठेवा. काळेपणा कडेपर्यंत सारखा पसरला तर तेलात दम आहे. मध्ये डांबरासारखा गोळा आणि भोवती फिकट वलय उमटलं, तर काजळी धरून ठेवण्याची ताकद संपली आहे. मग किलोमीटर कितीही झालेले असोत, तेल बदला.

गैरसमज : ठरलेले किलोमीटर होईपर्यंत तेलाला हात लावायची गरज नाही.

वस्तुस्थिती : किलोमीटरचा हिशेब मोकळ्या रस्त्याला लागू पडतो. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर किंवा छेडानगरच्या कोंडीत गाडी उभी असते आणि इंजिन चालूच असतं. ताशी सरासरी ५० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीचे ५,००० किलोमीटर १०० तासांत होतात. ताशी १५च्या सरासरीने तेच अंतर कापायला इंजिन सुमारे ३३३ तास चालतं. मीटरवरचा आकडा तोच, पण तेलाने तिपटीहून जास्त काम केलेलं असतं. बकरी ईदच्या आधी देवनारच्या बाजारात बकरे भरून तासन्‌तास रांगेत थांबणाऱ्या गाडीची गत याहून वाईट.

पुस्तिकेत ‘कठीण वापर’ असं वेगळं वेळापत्रक असतं. शहरातल्या माल वाहणाऱ्या गाडीने तेच पाळावं आणि प्रत्येक वेळी तेलाबरोबर फिल्टरही बदलावा.

गैरसमज : पट्टीवर तेल थोडं जास्तच असलेलं बरं.

वस्तुस्थिती : वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल घातलं तर क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. फेसाळलेल्या तेलात हवा असते, आणि हवेने बेअरिंगला आधार मिळत नाही. जादा तेल ब्रीदरमधून हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलं, तर डिझेल इंजिन त्याच तेलावर आवरता न येण्याइतकं पळू शकतं. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पट्टी पाहावी आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये ठेवावी. न घालताच पातळी वाढलेली दिसली तर गाडी चालवू नका, कारण तेलाच्या चेंबरमध्ये डिझेल किंवा पाणी उतरत असतं.

गैरसमज : नव्या जमान्याचं तेल जुन्या इंजिनाला सोसत नाही.

वस्तुस्थिती : डब्यावरचा एपीआय कोड पाहा. डिझेलच्या तेलाचा कोड ‘सी’ने सुरू होतो. सीएच-४ हा १९९८चा, सीआय-४ हा २००२चा, सीके-४ हा २०१६चा. सीआय-४ किंवा सीके-४ तेल त्याच दाटपणाचं असेल तर सीएच-४ मागणाऱ्या इंजिनात चालतं, आणि काजळी व झीज यांच्यापासून त्याचं संरक्षण जास्त चांगलं करतं.

सिंथेटिक तेलाने गळती सुरू होते, असंही बोललं जातं. वस्तुस्थिती अशी की सील आधीच कडक झालेलं असतं आणि त्याच्या कडेला साचलेला गाळ तेवढा तिथली फट बुजवून असतो. नवं तेल तो गाळ धुतं आणि झाकलेली गळती उघडी पडते. त्यावर इलाज सील बदलणं हाच. मात्र साध्या जुन्या डिझेल इंजिनाला सिंथेटिकची सक्तीही नाही. योग्य ग्रेडचं मिनरल तेल वेळेवर बदललं तर ते पुरतं.

गैरसमज : मुंबईत बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? नळाचं पाणी घाला.

वस्तुस्थिती : गोठण्यापासून बचाव हे कूलंटचं एक काम झालं. आपल्यासाठी महत्त्वाची त्याची दुसरी कामं आहेत. ते गंज आणि क्षार धरू देत नाही, वॉटर पंपाचं सील टिकवतं आणि उकळबिंदू वाढवतं. निम्मं पाणी आणि निम्मं एथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण साध्या हवेच्या दाबाला साधारण १०६-१०७ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या प्रेशर कॅपमुळे तो आकडा आणखी वर जातो. म्हणून रबर कडक झालेली कॅप तशीच ठेवणं म्हणजे हे संरक्षण हातचं घालवणं.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार हेडमधल्या अरुंद वाटांत खडीसारखे बसतात. वेट लायनर असलेल्या डिझेल इंजिनात तर साध्या पाण्याने लायनरला बाहेरून बारीक, खोल खड्डे पडतात आणि एक दिवस पाणी चेंबरमध्ये येतं. कूलंट तयार मिश्रणाचं घ्या किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. रंगावर भरवसा ठेवू नका, कारण हिरव्या-लाल रंगाला सगळ्या कंपन्यांत एकच अर्थ नसतो. डब्यावरचा प्रकार वाचा आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका.

याच्याच जोडीला ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही’ हा सल्ला मिळतो. थर्मोस्टॅट काढलेलं इंजिन गरज असते त्याहून थंड चालतं, काजळी वाढते आणि तेलातलं पाणी उडून जात नाही. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडीच राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरतं, म्हणजे गाडी जास्तच तापते. गाडी तापत असेल तर रेडिएटरची जाळी, पंखा, पट्टा आणि कॅप आधी पाहा.

आणखी एक गोष्ट देवनारमध्ये आवर्जून सांगायला हवी. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं आणि विषारी असतं. सांडलेलं कूलंट कुत्रं किंवा बकरी चाटू शकते. ते लगेच धुवून पुसून घ्या.

गैरसमज : ब्रेक ऑइल कमी झालं की वरून भरायचं, बदलायचं नसतं.

वस्तुस्थिती : नाव ऑइल असलं तरी डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आहेत आणि हवेतली ओल ते शोषतात. नव्या डॉट ३चा उकळबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४चा २३० अंश. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच किमान आकडे १४० आणि १५५वर येतात. भाजी आणायला नाशिकला गेलेली भरलेली गाडी कसारा घाट उतरते तेव्हा ब्रेक तापतात. ओल मुरलेला द्रव उकळून वाफ झाली, तर पेडल खाली जाऊनही ब्रेक लागत नाही. आपल्या पावसाळी, दमट हवेत दर दोन वर्षांनी तो पूर्ण बदलणं शहाणपणाचं आहे.

इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल यात थेंबभरही जाऊ देऊ नये, त्याने रबरी सीलं फुगतात. आणि पातळी उतरली असेल तर लायनिंग झिजलं आहे किंवा कुठेतरी गळती आहे. आधी तिथे पाहा, मग भरा.

गैरसमज : गिअर आणि क्राऊन, दोन्हीकडे ९० नंबर घातलं की झालं.

वस्तुस्थिती : ९० हा फक्त दाटपणा. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे, त्यामुळे ९० ग्रेडचं गिअर ऑइल ढोबळमानाने ४० ते ५० ग्रेडच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. निर्णायक असतो जीएल कोड. क्राऊनमधले हायपॉइड दाते एकमेकांवर जोराने घासतात, म्हणून तिथे जीएल-५ लागतं. तेच तेल गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना बाधू शकतं, म्हणून तिथे बहुधा जीएल-४ सांगितलेलं असतं.

पावसाळ्यात गाडी तुंबलेल्या पाण्यातून गेली की तापलेलं क्राऊन एकदम थंड होतं आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढतं. पाऊस सरला की प्लग उघडून तेल पाहा. दुधाळ असेल तर लगेच बदला.

गैरसमज : काढलेलं तेल गटारात ओतलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : वापरलेलं तेल २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा आहे आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. देवनारचे नाले ठाण्याच्या खाडीकडे जातात. त्या खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. तिथली मासेमारीही अजून जिवंत आहे. तेल अशा गॅरेजमध्येच बदला जिथे ते पिंपात साठवून परवानाधारकाकडे देतात.

रिकाम्या डब्याचंही भान ठेवा. भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा आणि लेबल फाडा, नाहीतर त्याच डब्यात नकली तेल भरून तो पुन्हा दुकानात येऊ शकतो. सुटं तेल तर घेऊच नये.

एवढं सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आपल्या मॉडेलचे ग्रेड लिहून घ्या : इंजिन, गिअर, क्राऊन, ब्रेक-क्लच, स्टिअरिंग, कूलंट. तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि समोर बदलल्याची तारीख व किलोमीटर टाका. मिस्त्री बदलला, ड्रायव्हर बदलला, तरी गाडीत चुकीचं तेल जाणार नाही. जुन्या गाडीसाठी तेल निवडताना तिचं वय विचारू नका. पुस्तिका काय सांगते आणि गाडी रोज काय ओढते, एवढं विचारा.