विश्लेषण : ऑलिम्पसवर दुपारी ढग का दाटतात? ट्रेकर पहाटेच का निघतात?

ग्रीसमधील लितोहोरो या गावातून एका बाजूला एजियन समुद्र दिसतो आणि दुसऱ्या बाजूला २,९१८ मीटर उंचीचा ऑलिम्पस पर्वत. भूमध्य सागराचाच भाग असलेल्या या समुद्राच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात पर्यटक पोहत असतात, त्याच वेळी वर शिखरावर विजा कडाडत असू शकतात. प्राचीन ग्रीकांनी वीज हाती धरणाऱ्या झ्यूस देवाचे घर याच डोंगरावर मानले. त्यामागे श्रद्धा होतीच, पण इथले हवामानही तसेच आहे. युरोपात शिकायला, नोकरीला किंवा फिरायला गेलेला सह्याद्रीतील ट्रेकर इथे आला, तर त्याला आपली एक जुनी सवय बदलावी लागते. ती कोणती, हे समजून घेऊ या.

ऑलिम्पस नेमका कुठे आहे?

ऑलिम्पस ग्रीसच्या ईशान्य भागात, थेसालोनिकी शहरापासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. नावामुळे अनेकांची गल्लत होते. ज्या ऑलिम्पियात प्राचीन ऑलिम्पिक स्पर्धा होत, ते ठिकाण दक्षिणेकडे पेलोपोनीज भागात आहे. या पर्वताशी त्याचा भौगोलिक संबंध नाही.

ऑलिम्पस म्हणजे एकच सुळका नव्हे. मितिकास, स्तेफानी, स्कोलिओ, स्काला अशी अनेक शिखरे इथे शेजारी शेजारी उभी आहेत. त्यांपैकी मितिकास हे ग्रीसमधील सर्वोच्च शिखर. ग्रीसने १९३८ मध्ये आपले पहिले राष्ट्रीय उद्यान इथेच घोषित केले आणि १९८१ मध्ये युनेस्कोने या भागाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला.

समुद्र जवळ असल्याने काय फरक पडतो?

शिखरापासून समुद्र सरळ रेषेत जेमतेम १८ किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात जमीन जवळपास २,९०० मीटर उचलली जाते, म्हणजे दर किलोमीटरला सरासरी १६० मीटर. तुलनेसाठी, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि समुद्रापासून कितीतरी आत आहे.

सकाळी सूर्य वर आला की समुद्राकडे तोंड करून असलेले पूर्वेचे उतार आधी तापतात. त्यांना लागून असलेली हवा गरम होऊन वर सरकते. जसजसा दिवस चढतो, तसतसे समुद्रावरून जमिनीकडे वारे वाहू लागतात. हे वारे बाष्प घेऊन येतात आणि समोर डोंगराची भिंत असल्याने त्यांनाही वर चढावे लागते. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे हवा प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात.

घाटमाथ्यावर पावसाळ्यात हेच घडते. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि बरसतात. फरक असा, की आपल्याकडे मोसमी वारे दिवसरात्र बाष्प आणत राहतात. ऑलिम्पसवर उन्हाळ्यात हे चक्र बहुतेक वेळा दिवसाच्या तापण्यावर चालते. म्हणून पहाट निरभ्र, दुपारी ढग आणि हवा अस्थिर असेल तर गडगडाटासह पाऊस, असा क्रम इथे वारंवार दिसतो.

सह्याद्रीतील कोणती सवय इथे महागात पडते?

जून ते सप्टेंबर हे ट्रेकिंगचे महिने दोन्हीकडे सारखेच. पण आपल्याकडे या दिवसांत अनेक जण ढगांसाठीच डोंगर चढतात. धुक्यात हरवलेला गड आणि अंगावर येणारा पाऊस हेच ट्रेकचे आकर्षण असते. ढग आले म्हणून कोणी परत फिरत नाही.

ऑलिम्पसवर ढग दिसू लागणे ही खाली उतरण्याची सूचना असते. याची तीन कारणे आहेत. पहिले, वरची धार पूर्ण उघडी आहे. झाडांची रेषा खाली राहते आणि विजेपासून आडोसा मिळत नाही. दुसरे, चुनखडीचा खडक ओला झाला की पाय सरकतात आणि घळींमधून सुटे दगड खाली येतात. तिसरे कारण थंडी. उंची दर किलोमीटरला वाढते तसे तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते. किनाऱ्यावर ३२ अंश असतील, तेव्हा शिखरावर १३ अंशांच्या आसपास असतात. त्यात वारा आणि भिजलेले कपडे यांची भर पडली, तर भर उन्हाळ्यातही शरीराचे तापमान धोकादायकरीत्या घसरू शकते.

चढाई कशी असते?

चढाई साधारणपणे दोन दिवसांची करतात. लितोहोरोपासून प्रिओनियापर्यंत सुमारे १८ किलोमीटरचा गाडीरस्ता आहे. ज्यांना चालतच जायचे आहे, त्यांच्यासाठी एनिपेअस नदीच्या दरीतून वाट आहे. ती ई-४ या युरोपातील लांब पल्ल्याच्या पायवाटेचा भाग आहे. या वाटेवर संत दिओनिसिओस यांचा १६व्या शतकातील मठ लागतो. दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये जर्मन सैन्याने तो उद्ध्वस्त केला होता.

प्रिओनिया १,१०० मीटरवर आहे. तिथून जंगलातील वाटेने अडीच-तीन तासांत २,१०० मीटरवरील स्पिलिओस आगापितोस या निवाऱ्यात पोहोचता येते. इथे जेवण आणि झोपण्याची सोय असते, पण हंगामात आधी नोंदणी करावी लागते. निवाऱ्याच्या वर पाण्याची सोय नाही. चुनखडीच्या डोंगरात पाणी पृष्ठभागावर टिकत नाही, ते भेगांतून खाली मुरते. त्यामुळे दुसऱ्या दिवसाचे सगळे पाणी इथेच भरून घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून तीनेक तासांत स्काला शिखर गाठता येते. खरा निर्णय इथे घ्यायचा असतो. स्कोलिओ शिखराकडे चालत जाता येते. मितिकासकडे जाणाऱ्या वाटेचे नाव मात्र ‘काकी स्काला’, म्हणजे ‘वाईट जिना’. या टप्प्यात हातांचा आधार घेत कातळ पार करावा लागतो. बाजूला ‘काझानिया’ नावाची सुमारे ५०० मीटर खोल दरी आहे. काझानिया म्हणजे कढया, आणि त्यातून ढग खरोखरच वाफेसारखे वर येतात. कळसूबाईसारख्या लोखंडी शिड्या इथे नाहीत. दृष्टिभय असलेल्यांनी स्कालावरूनच मागे वळणे किंवा स्कोलिओ करणे चांगले. मितिकासला जाणाऱ्यांनी हेल्मेट घालावे, कारण सुटे दगड हा इथला नेहमीचा धोका आहे.

पहिल्या चढाईतही ढगांनी फसवले होते?

हो. हा भाग १९१२ पर्यंत ऑटोमन साम्राज्यात होता आणि डोंगरात लुटारूंचा वावर असे. १९१३ च्या उन्हाळ्यात स्विस छायाचित्रकार फ्रेडरिक ब्वासोना आणि लेखक दानिएल बो-बोव्ही इथे आले. सोबतीला लितोहोरोचा शिकारी ख्रिस्तोस काकालोस होता. दाट धुक्यात ते एका सुळक्यावर पोहोचले आणि हेच सर्वोच्च शिखर समजून त्यांनी आनंद साजरा केला. थोड्या वेळाने धुके विरळ झाले, तर समोर त्याहून उंच सुळका उभा. मग काकालोस अनवाणी पायांनी पुढे झाला आणि २ ऑगस्ट १९१३ रोजी तिघेही मितिकासवर पोहोचले. मितिकासवरील ही पहिली नोंदलेली चढाई. पुढे काकालोस ऑलिम्पसचा अधिकृत वाटाड्या झाला.

वीज किती जवळ आहे, हे कसे ओळखायचे?

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे सेकंद ३० किंवा त्याहून कमी असतील, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. अशा वेळी शिखर आणि धार सोडून शक्य तितके खाली उतरायचे. एकट्या झाडाखाली थांबायचे नाही. शेवटच्या गडगडाटानंतर किमान ३० मिनिटे पुन्हा चढायचे नाही. हा नियम सह्याद्रीतही तितकाच लागू आहे.

जाण्यापूर्वी काय लक्षात ठेवावे?

परतीची वेळ आधी ठरवा. ऊन असतानाच दुपारी बारापर्यंत निवाऱ्यावर उतरायचे, असे ठरवून त्यावरून निघण्याची वेळ काढा. निवाऱ्यातील कर्मचाऱ्यांना आदल्या संध्याकाळी हवामान विचारा. तिथली हवा रोज पाहणाऱ्यांचा अंदाज मोबाइल अॅपपेक्षा उपयोगी ठरू शकतो. खाली कितीही उकाडा असला, तरी सॅकमध्ये गरम जॅकेट आणि रेनकोट हवाच. संपूर्ण युरोपात आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. मात्र दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून आपला मार्ग निवाऱ्यात सांगून निघा.

स्कालावर पोहोचल्यावर मितिकास अगदी हाकेच्या अंतरावर दिसते आणि तिथेच अनेकांना मोह आवरत नाही. त्या वेळी समुद्राकडे पाहावे. खालून ढग वर सरकताना दिसले, तर त्या दिवसापुरते शिखर सोडून द्यावे.