अक्कलदाढ: कधी काढायची, कधी राहू द्यायची?

अक्कलदाढेबद्दल आम्हा दंतवैद्यांना दोन टोकांचे प्रश्न नेहमी ऐकायला मिळतात. कुणी विचारतं, "दुखत नाहीये, पण पुढे त्रास नको म्हणून आत्ताच काढून टाकू का?" आणि कुणी चौथ्यांदा गाल सुजल्यावरही म्हणतं, "सध्या गोळी द्या डॉक्टर, काढायचं नंतर बघू." दोघांचंही उत्तर दुखण्यावर अवलंबून नाही. ती दाढ जबड्यात कशी बसली आहे, यावर आहे. आज आपण तेवढंच नीट समजून घेऊ.

जागेचा प्रश्न

आपली बत्तिशी टप्प्याटप्प्यानं पूर्ण होते. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, बाराव्याच्या सुमारास दुसरी, आणि साधारण सतरा ते पंचवीस या वयात तिसरी. हीच अक्कलदाढ. या वयात माणसाला अक्कल येते अशी समजूत, म्हणून हे नाव. वर दोन, खाली दोन अशा चार. काहींच्या जबड्यात त्यातली एखादी किंवा चारही तयारच होत नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही.

अडचण एवढीच की ही सगळ्यात शेवटी येते, तोवर बाकीच्यांनी जागा पटकावलेली असते. मग ती कधी अर्धीच वर येते, कधी पुढच्या दाढेवर तिरकी रेलते, कधी चक्क आडवी होऊन हाडात राहते. आपले पूर्वज कच्चं, चिवट अन्न चावायचे, त्यानं जबडा वाढायचा. शिजवलेलं मऊ अन्न आलं आणि जबडे लहान होत गेले, असं मानलं जातं.

त्रास कसा सुरू होतो

पूर्ण हाडात गाडलेली दाढ पुष्कळदा काही करत नाही. सरळ, पूर्ण वर आलेली आणि ब्रश पोचतो अशी दाढसुद्धा निमूट असते. खरी भानगड अर्धवट आलेल्या दाढेची, त्यातही खालच्या जबड्यातली.

तिच्या डोक्यावर हिरडीचा एक पडदा उरतो. पडद्याखाली पोहे, भात, डाळीचे कण जाऊन बसतात. तिथे ब्रश जात नाही, चूळ भरून कण निघत नाहीत. जंतू वाढतात, हिरडी सुजते, वरची दाढ त्याच सुजलेल्या भागावर आपटते आणि सूज आणखी वाढते. गिळताना दुखतं, कानात ठणका लागतो, तोंड नीट उघडत नाही. केसपेपरवर 'पेरिकोरोनायटिस' असं लिहिलेलं दिसेल, ते हेच.

दुसरं नुकसान गुपचूप होतं. तिरकी अक्कलदाढ आणि पुढची दाढ यांच्या फटीत अन्न अडकून पुढची चांगली दाढ मागच्या बाजूनं किडते. ती जागा आरशात दिसत नाही. ठणका लागून पेशंट येतो तेव्हा कीड नसेपर्यंत गेलेली असते. कमी कामाच्या दाढेपायी रोजच्या कामाची दाढ जाते.

गोळ्यांचा फेरा

आता मुद्द्याचं. सूज असताना आम्ही बऱ्याचदा म्हणतो, आधी ती उतरू दे, मग काढू. याचं कारण आहे. संसर्ग झालेल्या भागात आम्लता वाढते आणि भुलीचं औषध नीट काम करत नाही. शिवाय तोंडच उघडत नसेल तर दाढेपर्यंत पोचायचं कसं? म्हणून पडद्याखालचा भाग धुऊन काढतो, गरज असेल तर औषध देतो.

चार दिवसांत बरं वाटतं. आणि पेशंट परत येत नाही! पण पडदा तिथेच आहे, फट तिथेच आहे. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून त्याच गोळ्या आणल्या जातात. लक्षात ठेवा, गोळीनं सूज उतरते, दाढ सरळ होत नाही.

एखाद्या वेळी हा संसर्ग जबड्याखाली आणि गळ्याकडे उतरतो. हनुवटीखाली कडक सूज, ताप, थुंकी गिळता न येणं, आवाज बदलणं, श्वासाला त्रास, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा. श्वासमार्ग बंद होऊ शकतो.

मग प्रत्येकाची काढायची का?

नाही. ब्रिटनमध्ये 'नाइस' या सरकारी संस्थेनं 2000 साली सांगितलं की रोग नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत. शस्त्रक्रियेलाही धोका असतोच. यावर सगळ्या देशांत एकमत नाही, पण विचार करण्याची दिशा योग्य आहे.

वारंवार सूज, भरता न येणारी कीड, पुढच्या दाढेला इजा, गाठ किंवा पू असेल तर काढावी. काहीच त्रास नसेल तर ठेवावी, पण अधूनमधून तपासून घ्यावी. काढायचीच असेल तर उगाच वर्षं घालवू नयेत. तरुण वयात मुळं पूर्ण वाढलेली नसतात, हाड लवचिक असतं आणि जखमही लवकर भरते.

काढताना आणि काढल्यावर

आधी पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे काढतात. खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. ती फार जवळ दिसली तर त्रिमितीय स्कॅन सांगतात. या नसेला धक्का लागला तर ओठ, हनुवटी बधिर राहू शकते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, क्वचित कायमची जाते. हे आधी विचारून घेणं हा तुमचा हक्क आहे.

भूल दिल्यावर दाब जाणवतो, कळ येऊ नये. आली तर हात वर करा. अडकलेली दाढ हिरडी उघडून, थोडं हाड कोरून, बहुधा तुकडे करून काढतात आणि टाके घालतात.

त्यानंतर जपायचं ते खड्ड्यात साकळलेल्या रक्ताला. ते जखमेचं झाकण आहे. पहिले चोवीस तास थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉ वापरू नका. गालावर बाहेरून बर्फ, खायला गार दहीभात. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्यानं हलकेच गुळण्या. तंबाखू, मिश्री, बिडी, सिगारेट अजिबात नाही. झाकण निघालं तर हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जोराचा ठणका सुरू होतो. तसं झालं तर गोळ्या वाढवू नका, दवाखान्यात या.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*वरची दाढ काढली की नजर कमी होते का?* नाही. दातांची नस वेगळी, दृष्टीची वेगळी.

*दुखऱ्या दाढेवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवली तर?* हिरडी भाजते. दाढेचं दुखणं राहतं, वर जखम होते.

*रक्त पातळ होण्याची गोळी आधी बंद करावी का?* स्वतःहून कधीच नाही. ती गोळी, मधुमेह, हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं, गर्भारपण, सगळं आधी सांगा.

*तोंड उघडत नाही, म्हणजे अक्कलदाढच ना?* दरवेळी नाही. सुपारी, गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू, फारसं न दुखता आखडत जातं आणि तिखट झोंबतं. तो वेगळा आजार आहे आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. म्हणून तपासल्याशिवाय "दाढ येत असेल" असं समजून बसू नका.

*खर्च झेपत नसेल तर?* मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे, नागपुरातही शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी हे काम रोजचं आहे आणि खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो.

शेवटी एकच सांगतो. यापूर्वी दाढ सुजून उतरली असेल, तर दुखत नसतानाच या. काढायची की ठेवायची हे ठरवायला तीच वेळ चांगली.